एक हिशेबनीस पाहिजे

या सदरातून मी फुलसावंगीच्या गोष्टी सांगतो हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवाळी अंकात जागा जरा ऐसपैस मिळते. तेव्हा या खेपेला जिच्यात माझीच फजिती झाली अशी गोष्ट सांगावी म्हणतो. दुसऱ्याची फजिती सांगायला चार ओळी पुरतात. स्वतःची सांगायची तर पाने लागतात, कारण मधून मधून आपली बाजूही मांडावी लागते!

नव्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातले गाव. एका अंगाला पुसद, एका अंगाला उमरखेड आणि एका अंगाला माहूरचा डोंगर. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्यावर आमचे वर्ष चालते. जिल्ह्याच्या ठिकाणी एस. टी.ने जाऊन यायचे म्हणजे सबंध दिवस मोडतो. मी इथल्याच परिसरात मास्तरकी केली आणि इथेच निवृत्त झालो.

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहा शेतकरी एकत्र येऊन स्वतःची उत्पादक कंपनी काढू शकतील अशी सोय झाली. तशी एक कंपनी आमच्याकडच्या मंडळींनी काढली आहे. सोयाबीन घ्यायचे, ओलावा पाहायचा, मापायचे, काटापट्टी द्यायची आणि माल विकून शेतकऱ्याचा चुकारा त्याच्या खात्यात जमा करायचा, हा आमचा व्यवहार. "सर, तुम्ही लिहिण्यावाचण्यातले, तुम्ही पाहिजेच," असे म्हणून भाऊंनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, मलाही संचालक मंडळात ओढून घेतले. लिहिण्यावाचण्यातल्या माणसाने काय घोळ घातला, तेच आता सांगायचे आहे.

गेल्या वर्षी गणपती बसले आणि आमचा हिशेबनीस उठला! त्याला संभाजीनगरला बरी नोकरी मिळाली. त्याला दोष देता येत नाही. दोन लेकरांचा बाप आहे. पण दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन येऊ लागते. काटापट्ट्यांची चळत वाढू लागली म्हणजे बँकेची यादी रोजच्या रोज तयार व्हावी लागते. ती झाली नाही तर चुकारा अडतो. चुकारा अडला तर हरभऱ्याच्या बियाण्याला पैसा नाही, आणि दिवाळीला लेकरांच्या अंगावर नवा कपडा नाही. माणूस ताबडतोब हवा होता.

जाहिरात लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी एक सकाळ त्यात घालवली. ती जाहिरात अशी होती :

'नामांकित कृषी-उद्योग संस्थेस कार्यक्षम, कष्टाळू, निर्व्यसनी व होतकरू तरुण सहायक व्यवस्थापक (वित्त व प्रशासन) या पदासाठी पाहिजे. वाणिज्य शाखेची पदवी, इंग्रजी व संगणकाचे उत्तम ज्ञान आणि किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक. वेतन योग्यतेनुसार.'

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मंडळाच्या बैठकीत मी ती मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा भाऊ म्हणाले, "वा सर! वाचूनच माणूस सरळ उभा राहतो." झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाने ती इंटरनेटवरच्या नोकऱ्यांच्या एका संस्थळावर चढवली आणि आम्ही वाट पाहत बसलो.

तीन आठवड्यांत एक अर्ज आला. तो नाशिककडच्या एका रसायन अभियंत्याचा होता. दिसेल त्या जागेला तो अर्ज करीत असावा, कारण आमच्या सोयाबीनच्या कंपनीला त्याने 'आपल्या औषधनिर्मितीच्या कार्याबद्दल मला आदर आहे' असे कळवले होते.

बैठकीत सर्वांचे एकमत झाले. असे एकमत आमच्याकडे क्वचितच होते. "आजकालच्या पोरांना काम नको आहे," असे सर्व जण म्हणाले. मोबाइल, पानटपरी, मोटारसायकली यांचा उद्धार झाला. मलाही ते इतके पटले की, या सदरासाठी त्याच विषयावर अर्धा लेख मी लिहून ठेवला. संपादकांच्या नशिबाने तो अर्धाच राहिला.

कारण दसऱ्याला माझी भाची आली. ती पुण्याला एका कंपनीत माणसे भरती करण्याचे काम करते. हे काम म्हणजे नेमके काय, असे मी तिला कधी विचारले नव्हते. सोने वाटून झाल्यावर मी तिला आजच्या तरुणांबद्दलचे माझे मत ऐकवले. तीही आजचीच तरुण, पण ती रागावली नाही. म्हणाली, "मामा, जाहिरात किती जणांनी पाहिली?"

"ते कसे कळणार?"

"कळतं. तुमच्या खात्यात आकडे असतात. उघडा पाहू."

झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाकडून खात्याची किल्ली, म्हणजे तो काय पासवर्ड असतो तो, आणला. भाचीने जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर चार आकडे मांडले. जाहिरात लोकांच्या यादीत दिसली ४१२ वेळा. तिच्यावर बोट ठेवून ती उघडून वाचली गेली ३८ वेळा. अर्ज भरायला घेतला ६ जणांनी. पुरा केला एकाने, त्या नाशिककराने.

"ही चार दारं आहेत, मामा," ती म्हणाली. "देवळात जाताना वेस लागते, मग महाद्वार, मग सभामंडप, मग गाभारा. माणूस कुठल्या दारातून परतला ते पाहायचं. वेशीतच कुणी आलं नाही, तर जाहिरात दिसतच नाही. मग नाव किंवा गाव चुकलेलं असतं. दिसली पण उघडली नाही, तर मथळ्यात ओढ नाही, किंवा पगार लपवलाय. उघडली पण अर्ज केला नाही, तर अटींनी माणूस बिचकला. अर्ज घेतला पण पुरा केला नाही, तर अर्जच कटकटीचा. चार दुखण्यांवर एकच औषध नसतं."

मला जरा वेळ काही बोलता आले नाही. तीन आठवडे आम्ही गाभाऱ्यात बसून भक्तांना शिव्या देत होतो, आणि भक्त महाद्वारातून परत जात होते.

इथे जरा मागे वळून पाहावेसे वाटते. आमच्या तरुणपणी नोकरी शोधायची म्हणजे सेवायोजन कार्यालयात नाव घालून कार्ड घ्यायचे आणि कॉल येण्याची वाट पाहायची. मोठ्या कारखान्यांनी व कचेऱ्यांनी रिकाम्या जागा त्या कार्यालयाला कळवल्याच पाहिजेत असा कायदा १९५९ साली झाला होता. १९७६ साली केंद्र सरकारचे 'रोजगार समाचार' हे साप्ताहिक निघाले. १९९७ साली संजीव बिखचंदानी यांनी 'नौकरी डॉट कॉम' सुरू केले, आणि २०१५ साली सरकारनेही 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे संस्थळ काढले. जागा कळवण्याची साधने अशी बदलत गेली. पण वर्तमानपत्रातली जाहिरात किती जणांनी वाचली, कोणत्या ओळीशी येऊन पान उलटले, हे छापणाऱ्याला कधी कळत नव्हते. आज ते कळते. उमेदवाराने जाहिरातीकडे पाठ फिरवली की तिचीही नोंद होते, आणि ती नोंद मालकाला पाहता येते. आम्ही मात्र ती पाहिली नाही.

"नावं दिसतात का?" मी भाचीला विचारले. गावात कोण कोण जाहिरात वाचून गप्प बसले, हे जाणून घ्यायची मास्तरी खोड!

"नुसते वाचून गेले त्यांची नावं दिसत नाहीत, आणि दिसूही नयेत," ती म्हणाली. "२०२३ साली माणसाच्या खासगी माहितीबद्दल कायदा झालाय. आपल्याला मोजदाद पुरे."

मग तिने पहिल्या दोन दारांची दुरुस्ती काढली. 'सहायक व्यवस्थापक (वित्त व प्रशासन)' हे शब्द कोणी शोधतच नाही. हिशेबाचे काम येणारा माणूस संस्थळावर 'अकाउंटंट' असे टाकतो, नाहीतर 'टॅली'. आमच्या भारदस्त नावामुळे आम्ही त्याच्या यादीतच येत नव्हतो. येत होतो ते व्यवस्थापक होऊ पाहणाऱ्या पुण्या-नाशिकच्या मंडळींच्या यादीत. शिवाय जागेचे गाव 'यवतमाळ' असे पडले होते, कारण यादीतून निवडताना त्या मुलाला तेच सापडले. महागाव-उमरखेडच्या माणसाला वाटे की नोकरी जिल्ह्याला आहे. यवतमाळच्या माणसाला आत आल्यावर कळे की ती फुलसावंगीला आहे. म्हणजे दोन्हीकडचे गेले!

"आणि पगार का नाही लिहिला?"

"योग्यतेनुसार लिहिले आहे की."

"मामा, बाजारात भाव न लावलेल्या दुकानात तुम्ही शिरता का?"

मी शिरत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून आणि न्यूयॉर्क शहराने २०२२ पासून जाहिरातीत पगाराचा आकडा देणे कायद्याने सक्तीचे केले आहे, हे तिने सांगितले. आम्ही कायद्याची वाट पाहिली नाही. 'दरमहा १४ ते १६ हजार रुपये' असे लिहिले. भाऊंना ते जड गेले. "आधी सांगितलं की मंग घासाघीस राह्यत नाही," असे त्यांचे म्हणणे. पण त्यांनी मान्य केले.

मी म्हटले, लगे हात बाकीचेही बदलून टाक. ती नको म्हणाली. सगळे एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कळणार नाही. हे मला लगेच पटले, कारण हे शेतीतलेच शहाणपण आहे. एकाच धुऱ्याला लागून दोन वाफे घ्यावेत, माती तीच, पाणी तेच, आणि बियाणे मात्र वेगळे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अशा वाफ्यांचे शास्त्र बसवले. कोणत्या वाफ्यात काय पेरायचे ते चिठ्ठी टाकून ठरवायचे, म्हणजे शेतकऱ्याची आवड-नावड त्यात शिरत नाही. आपल्याकडे हे शास्त्र शेतीखात्यातल्या माणसांच्या हाती दिले ते दोन मराठी माणसांनी. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा शेतीसाठी संख्याशास्त्र शिकवणारा ग्रंथ १९५४ साली निघाला. आज मोठ्या कंपन्या एकाच जागेच्या दोन जाहिराती करतात, निम्म्या लोकांना ही दाखवतात व निम्म्यांना ती, आणि कोणती उगवते ते पाहतात. रीत तीच आहे, फक्त वाफा मोबाइलच्या पडद्यावर आला आहे.

चार दिवसांत जाहिरात उघडणारे वाढले. अठ्ठेचाळीस जणांनी ती वाचली. मी आनंदलो. भाचीने मला आवरले. "अर्ज किती आले? दोन. त्यांवरून नाचायचं नाही. एवढ्याशा आकड्यात आज दोन, उद्या पाच, परवा शून्य, असं उगीचही होतं. आणि मोठा प्रयोग करायला आपल्याकडे वेळही नाही आणि माणसंही नाहीत. आकडे थोडे असले की विचारायला जावं लागतं. तिसऱ्या दारातून लोक परततायत एवढं कळलंय. का, ते त्यांनाच विचारा."

"पण ते कोण, ते कळायला नको?"

"गाव तुमचं आहे, मामा."

मग तिने एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अब्राहम वाल्ड नावाचे गणिती होते. लढाईवरून परतलेल्या विमानांना गोळ्यांची भोके कुठे पडली आहेत हे मोजून, तिथे जाड पत्रा बसवावा असा लोकांचा बेत. वाल्ड यांनी लक्षात आणून दिले की, ही तर परत आलेली विमाने आहेत. जी परत आलीच नाहीत, त्यांना गोळी लागली ती इतरत्र. जिथे भोके दिसत नाहीत तिथे पत्रा लावा. (हेच वाल्ड पुढे भारतात व्याख्यानांसाठी आले असता १९५० च्या डिसेंबरात निलगिरीच्या डोंगरात विमान-अपघातात गेले. नशिबाची गंमत अशी क्रूर असते.) आम्ही आलेल्या एका अर्जावरून आजच्या तरुण पिढीची परीक्षा करीत होतो. न आलेल्यांचा विचार आमच्या मनातही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण घेऊन गेलो. तिथे माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. गणितात अतिशय चोख. मी स्वतः तिच्या वडिलांना सांगून तिला कॉमर्सला घालायला लावले होते. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झाले, पुढचे शिक्षण राहिले. पुढे नवऱ्याचे काम सुटले म्हणून दोघे परत गावीच आली. पुसदला सहा महिने टॅलीचा वर्ग केला आहे आणि दोन दुकानांचे हिशेब घरी बसून लिहिते, हे मला तेव्हाच कळले. ही बाई माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर राहते!

मी विचारले, "अगं, आपल्या कंपनीत जागा आहे. जाहिरात पाहिली नाहीस?"

"पाह्यली न सर. दोनदा उघडून पाह्यली."

"मग?"

तिने पिठाचा डबा खाली ठेवला. "पदवी पाहिजे लिहेल होतं. माही तं राह्यली. तीन वर्षांचा अनुभव लिहेल होता. इंग्रजी लिहेल होतं. आन् 'तरुण पाहिजे' लिहेल होतं." जरा थांबून ती हसली. "मले वाटलं, पोरगाच पाह्यजे असंल. मंग काहून भरू?"

जाहिरात मी लिहिली आहे हे तिला माहीत नव्हते. मी सांगितलेही नाही. दळण झाल्यावर पैसे द्यायचे विसरून निघालो, गिरणीवाल्याने हाक मारली.

वाटेत मला माझीच एक गोष्ट आठवली. १९७७ साली एका संस्थेत कारकुनाची जागा निघाली होती. जाहिरातीत 'अनुभव असल्यास प्राधान्य' असे शब्द होते. मी तेव्हा नुकताच पदवीधर झालेला, अनुभव कुठून आणणार? मी अर्ज केला नाही. माझ्याच वर्गातल्या, माझ्याहून कमी गुण असलेल्या मित्राने केला. त्यालाही अनुभव नव्हता. जागा त्याला मिळाली. 'प्राधान्य' म्हणजे 'सक्ती' नव्हे, हे भाषेचा विद्यार्थी असून मला कळले नव्हते. त्यानंतरची दोन वर्षे घरी बसून काढली. वडिलांनी एका शब्दाने विचारले नाही, आणि ते न विचारणेच अधिक टोचत असे. मास्तरकी मिळाली म्हणून निभावले. ज्या ओळीने मला दारातून परतवले, तीच ओळ मी पन्नास वर्षांनी, अधिक कडक करून, दुसऱ्याच्या दारावर ठोकली होती.

त्या संध्याकाळी मंडळाची बैठक घेतली आणि जाहिरातीची एकेक अट उलटतपासणीला उभी केली. इंग्रजी कशाला? बँकेचे पत्र इंग्रजीत येते. महिन्यात किती? एक. ते कोण वाचतो? सर वाचतात. मग वाचोत. पदवी कशाला? यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. कराची विवरणे तर पुसदचे सनदी लेखापाल भरतात. तीन वर्षांचा अनुभव कशाला? "आधीच्या जाहिरातीत होता म्हणून," एक संचालक म्हणाले. आधीच्या जाहिरातीत का होता, ते कोणालाच आठवेना.

पदवीच्या कागदाबद्दल आमच्या गावाने तरी जपून बोलायला हवे. ऑगस्ट २०२१ मध्ये फुलसावंगीचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले होते. इथल्या एका तरुण कारागिराने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बनवले आणि त्याच्या चाचणीतच त्याचा जीव गेला. फारसे शाळेचे शिक्षण नव्हते. त्याच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र तेव्हापासून राहून राहून वाटते की, असे हात एखाद्या चांगल्या कार्यशाळेत, जाणत्या माणसाच्या नजरेखाली पडले असते तर! पण तशा कार्यशाळेच्या जाहिरातीत पहिली ओळ शिक्षणाचीच असते.

'तरुण' या शब्दाबद्दल भाचीने आणखी सांगितले. २०११ साली गॉशे, फ्रिझेन आणि के या तीन संशोधकांनी नोकरीच्या जाहिरातींतली भाषा तपासली. स्पर्धा, वर्चस्व असल्या पुरुषी वळणाच्या शब्दांनी भरलेली जाहिरात वाचली की बायकांना ती जागा कमी आवडते. आपल्याला काम येणार नाही म्हणून नव्हे, तर तिथे आपले कोणी नाही असे वाटते म्हणून. अमेरिकेत तर एके काळी पुरुषांच्या जागा व बायकांच्या जागा अशा वेगळ्या रकान्यांत छापत; पिट्सबर्गच्या एका वृत्तपत्राच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली त्याविरुद्ध निकाल दिला. आमचा रकाना कुठे छापलेला नव्हता, तो मराठीच्या लिंगविचारात लपला होता. आणि मी व्याकरण शिकवण्यात हयात घालवली!

नवी जाहिरात अशी झाली :

'फुलसावंगी, ता. महागाव येथील शेतकऱ्यांच्या कंपनीत हिशेब लिहिण्यासाठी अकाउंटंट पाहिजे. स्त्री किंवा पुरुष. पगार दरमहा १४ ते १६ हजार. काम : काटापट्ट्यांची नोंद, रोजचा रोकड मेळ, चुकाऱ्याची यादी. टॅली यावे, मराठी लिहिता यावे, हिशेब जुळवता यावा. पदवीची व अनुभवाची अट नाही. हंगामात दोन महिने सकाळी ८ ते रात्री ८ काम असते, इतर वेळी ११ ते ५. अर्जाला पैसे लागत नाहीत. कोणी मागितल्यास देऊ नका.'

हंगामातले बारा तास लिहू नयेत असे भाऊंचे मत होते. मी म्हटले, लिहूच. धोक्याची खरी कल्पना देऊन माणसे बोलावणारी एक जाहिरात दक्षिण ध्रुवाचा प्रवासी शॅकल्टन याच्या नावावर जगभर सांगितली जाते, आणि तिला शेकड्यांनी अर्ज आले म्हणतात. भाची हसून म्हणाली, "मामा, ती जाहिरात जुन्या वर्तमानपत्रांत अजून कोणाला सापडलेली नाही. बक्षीस लावूनही सापडली नाही. आकड्यांच्या गोष्टी सांगताना तेवढं बघून सांगा." असो. शॅकल्टन नसला तरी बारा तास खरे होते, म्हणून ते राहिले. नोकरीवर आल्यावर दुसऱ्या आठवड्यात पळून जाणारा माणूस न आलेल्या माणसापेक्षा महाग पडतो. शेवटची, पैसे न लागण्याची ओळ मात्र तिच्याच सांगण्यावरून घातली. नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांनी खेड्यातला माणूस इतका पोळला आहे की, तो खऱ्या जाहिरातीलाही भितो.

चौथे दार राहिले होते. अर्जात बायोडेटा जोडा, फोटो जोडा, दाखले जोडा, अशी एकोणीस घरे होती, आणि ती मोबाइलवर भरता भरता लाइट जाई. आम्ही तीन घरे ठेवली : नाव, फोन, टॅली कुठे शिकलात. बाकीचे प्रत्यक्ष भेटीत.

आठ दिवसांत सत्तावीस अर्ज आले. सगळेच कामाचे नव्हते. दारे उघडली की गर्दीही येते, आणि अर्जांची संख्या म्हणजे यश नव्हे. कामाचे नऊ होते. त्यांतले पाच जण भेटीला आले. प्रत्येकाला मी वीस काटापट्ट्या दिल्या आणि बेरीज जुळवून मागितली. नावे झाकून फक्त कागद तपासले. एका कागदाखाली पेन्सिलीने लिहिले होते : 'पट्टी क्र. १३ मध्ये बारदाना दोनदा वजा झाला आहे. शेतकऱ्याचे नुकसान.' ती चूक मी मुद्दाम घातली नव्हती. ती खरी पट्टी होती, आणि ती मीच लिहिली होती.

कागद उलटून नाव पाहिले. माझी गिरणीवरची विद्यार्थिनी!

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली. पहिले चार दिवस भाऊ तिच्या टेबलाभोवती घुटमळत. पाचव्या दिवशी तिने त्यांना विचारले, "भाऊ, तुमच्या गाडीच्या डिझेलची पावती कुठं हाये?" तेव्हापासून भाऊंनी घुटमळणे सोडले. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शेवटचा चुकारा खात्यात जमा झाला. पट्टी क्रमांक तेराचा फरकसुद्धा.

आता हे सगळे आकड्यांनी केले असे मी म्हणणार नाही, आणि भाचीही म्हणत नाही. दसरा उलटल्यावर कामे शोधणारे वाढले असतील, बारा भानगडी असतात. आकडेही भुलवतात. ॲमेझॉन कंपनीने अर्ज निवडण्यासाठी यंत्र बनवले होते. त्याला जुने अर्ज शिकवले, ते बहुतेक पुरुषांचे, म्हणून ते बायकांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागले आणि कंपनीने ते सोडून दिले, असे २०१८ साली उघडकीस आले. फेसबुकवर नोकरीच्या जाहिराती अमुक वयाला, अमुक लिंगाला दाखवू नयेत अशी सोय मालकांना होती; तक्रारी झाल्यावर २०१९ साली तडजोडीत ती अमेरिकेत बंद करावी लागली. म्हणजे जो आकडा दार कुठे अडले ते दाखवतो, तोच आकडा गुपचूप दार लावूनही घेऊ शकतो. तो कोणाच्या हाती आहे आणि तो काय शोधतो आहे, यावर सारे.

माझ्यापुरते सांगायचे तर, 'आजकालच्या पोरांना काम नको' हा अर्धा लेख मी जपून ठेवला आहे. पुन्हा कोणाबद्दल असे ठाम मत झाले की तो काढून वाचतो. औषधासारखा लागू पडतो.

यंदा हंगामासाठी एक मदतनीस हवा होता. जाहिरात आमच्या हिशेबनीसबाईंनीच लिहिली आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणली. मी एक वेलांटी सुधारली, 'तरुण' हा शब्द कुठे नाही ना तेवढे पाहिले, आणि कागद परत दिला.